रानात विरलेली रणांगणे
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील युद्धखुणांविषयी प्रस्तावना

चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट अजून उभा आहे. सुमारे ११ किलोमीटरांचा घेर, जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा असे चार दरवाजे, पाच खिडक्या, आणि दरवाजांवर कोरलेला, हत्तीला नमवणारा सिंह. गोंडराजांनी बांधलेला हा कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या बुरुजांवरचे रान कापून काढले आणि भिंत पुन्हा गावाच्या नजरेत आणली. जटपुरा दरवाजातून शहराची वर्दळ आजही चालते. पण या कोटासाठी जी लढाई झाली ती या शहरात कुठे दिसते, असे विचारले तर उत्तर देणे अवघड जाते. मे १८१८ मध्ये इंग्रज कर्नल अॅडम्सच्या फौजेने चांद्याला वेढा घातला. तोफांनी तटाच्या आग्नेय कोपऱ्याकडची बाजू फोडली. २० मे रोजी हल्ला होऊन शहर पडले आणि किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला. नागपूरकर भोसल्यांच्या बाजूने या मुलखात दिलेली ही शेवटची मोठी झुंज. भिंत राहिली, झुंज विरून गेली. ती का विरली, आणि जे विरल्यासारखे वाटते ते अजून कुठे सापडू शकते, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. रणांगण ही जागा असते, वास्तू नसते. नदीचा उतार, टेकडीचा चढ, तोफ किंवा बंदूक पोचेल इतके अंतर, पाणी, सावली आणि पळून जाण्याची वाट यांनी मिळून ती जागा घडते. जिथे लढणाऱ्यांपैकी एकाजवळ तरी दगडी कोट होता, तिथे मागे काहीतरी शिल्लक राहते आणि आपण त्याला वारसा म्हणतो. जिथे दोन्ही बाजू रानातच लढल्या, किंवा एका बाजूजवळ रानाखेरीज दुसरे काही नव्हते, तिथे खूण राहते ती गावाच्या नावात, झाडात, देवाच्या ठाण्यात, सातबाऱ्यात आणि माणसांच्या बोलण्यात. आपली जतन करण्याची नजर दगड ओळखते, या खुणा ओळखत नाही. परिणामी, ज्यांनी कोट बांधले त्यांचा इतिहास वाचतो आणि ज्यांनी रानाचाच कोट केला त्यांचा पुसला जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हा अन्याय जितका उघड दिसतो तितका महाराष्ट्रात क्वचितच कुठे दिसत असेल.

आधी चांद्याचेच पाहू, कारण तिथे दगड आणि जागा दोन्ही आहेत. शहर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या बेचक्यात वसले आहे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि दक्षिणेकडे दोघींचा संगम. संरक्षणाच्या दृष्टीने ही जागा उत्तम, पण तिच्यात एक कच्चा दुवा होता. उन्हाळ्यात झरपट आटते आणि तिच्यापलीकडच्या वस्त्या व चढ शत्रूला तोफा रोवायला सोयीचे ठरतात. वेढ्याच्या वर्णनांत बाबूपेठेचे नाव येते ते याचमुळे. आज बाबूपेठ शहराचा दाट वस्तीचा भाग आहे आणि लालपेठेच्या बाजूला कोळशाच्या खाणींनी जमिनीची मूळ ठेवणच बदलली आहे. तोफ कोणत्या उंचवट्यावरून डागली गेली हे आता नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. जुने नकाशे, लष्करी अहवाल आणि जमिनीची पातळी एकत्र मांडावी लागते. म्हणजे किल्ला पुरता सांभाळला गेला आणि तो ज्या जमिनीवरून फुटला ती जमीन कुणाच्याच लेखी महत्त्वाची ठरली नाही. अर्धे रणांगण संरक्षित आणि अर्धे खोदलेले, अशी ही स्थिती आहे.

या वेढ्यातली आणखी एक गोष्ट कोणत्याही अवशेषात सापडणार नाही, पण दर वर्षी तिची आठवण होते. ती म्हणजे चांद्याचे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे या जिल्ह्याला नवे नाही. वेढा घालणाऱ्यांच्या तोफखान्याचा एक मेजर गोळीने मेला नाही, उन्हाने आणि श्रमाने मेला. मग इतक्या उन्हात लढाई का करायची? कारण दुसऱ्या ऋतूत ती करणेच कठीण. पावसाळ्यात वैनगंगा, वर्धा, इरई, प्राणहिता यांनी सगळे रस्ते अडवलेले असतात. पावसानंतर रान इतके दाट होते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मार्चपासून साग पाने गाळतो, नदी पायउतार होते, नजर लांबवर जाते. चांद्याचा वेढा मे मधला. १८५८ च्या ज्या चकमकींकडे आपण आता वळणार आहोत त्या मार्च ते मे मधल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी युद्धे थांबण्याचा रिवाज सगळ्या देशात होता, पण इथे रानाने आणि नद्यांनी त्याला सक्तीच केली. म्हणून या मुलखातले जुने रणांगण समजून घ्यायचे तर ते चैत्र-वैशाखात, पाने गळलेली असताना पाहायला हवे. डिसेंबरात हिरव्या झाडीत उभे राहून कुणालाही वाटेल की इथे लढाई होणे शक्यच नव्हते.

आता ज्यांच्याजवळ कोट नव्हता त्यांच्याकडे येऊ. बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, गाव किष्टापूर, घराणे मोलमपल्लीच्या जमीनदारीचे. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांची जंगोम सेना उभी केली. ७ मार्च १८५८ रोजी त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. सहाच दिवसांनी, १३ मार्चला, चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने पाठवलेल्या फौजेशी नांदगाव-घोसरी येथे गाठ पडली. त्यानंतर गडीसुर्ला, १९ एप्रिलला सगणापूर, पुढे बामणपेठ आणि घोट. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव या लढ्यात त्यांच्या सोबत होते. मूल आणि पोंभुर्ण्याच्या धानाच्या बांध्यांपासून चामोर्शी-अहेरीच्या दाट झाडीपर्यंत ही ठिकाणे पसरली आहेत. नकाशावर ती जोडत गेलो तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शेतीचा खुला पट्टा आणि जंगल जिथे भेटतात त्या काठाकाठाने हे युद्ध लढले गेले. सरकारी फौज खुल्या पट्ट्यातून येणार, बंडवाले झाडीतून उतरणार आणि गरज पडली तर पुन्हा झाडीत जाणार, असा त्याचा क्रम होता. ही सीमारेषाच त्यांचा तट होती. पण ती रेषा दर पिढीला रानात आत सरकत गेली आहे, म्हणून तो तट आज शोधूनही सापडत नाही.

गडीसुर्ल्याची टेकडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिथल्या लढाईची जी हकीकत चालत आली आहे तिच्यात टेकडीवरच्या लोकांनी खालून चढणाऱ्या फौजेवर दगड लोटले असे सांगतात. यात चमत्कारिक काही नाही. बंदुका थोड्या, दारूगोळा त्याहून थोडा, आणि पायाखाली हवे तेवढे धोंडे. उतारावरून सुटलेला धोंडा थोपवायला कवायती पलटणीजवळही उपाय नव्हता. पण पुरातत्त्वाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या बाजूने तोफा-बंदुका वापरल्या तिच्या शिशाच्या गोळ्या जमिनीत दीडशे-दोनशे वर्षे टिकतात. ज्या बाजूने टेकडीचाच दगड वापरला, तिचे हत्यार खाली पडल्या क्षणी पुन्हा टेकडीचा भाग झाले. त्या उतारावरच्या हजार धोंड्यांतला कोणता निसर्गाने आणला आणि कोणता माणसाने, हे कुठलेही यंत्र सांगू शकत नाही. बाणाचे लोखंडी पाते या भागाच्या ओल्या, तांबड्या मातीत गंजून जाते, बांबू कुजतो. म्हणजे नुसत्या वस्तू मोजून इतिहास लिहायचा म्हटले तर या टेकडीवर एकच फौज लढली असा निष्कर्ष निघेल. अवशेष निःपक्षपाती असतात हा समज इथे टिकत नाही.

याचा अर्थ शास्त्रीय शोध निरुपयोगी असा मुळीच नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली सू आणि शायान लोकांनी कस्टरच्या पलटणीचा पाडाव केला. १९८३ मध्ये तिथले गवत वणव्यात जळाले आणि पुढच्या वर्षी धातुशोधक यंत्रांनी ते मैदान ओळीओळीने तपासण्यात आले. गोळ्या आणि काडतुसांच्या जागा नकाशावर मांडल्यावर लढाईची जी हालचाल दिसली ती सरकारी दंतकथेपेक्षा त्या लढाईत उतरलेल्या आदिवासींच्या सांगण्याशी अधिक जुळणारी होती. शंभर वर्षे ज्यांची साक्ष कच्ची मानली गेली त्यांची बाजू मातीने घेतली. हे उदाहरण आपल्याला दोन गोष्टी शिकवते. पहिली, जमीन नांगरली किंवा खोदली जाण्याआधी तपासली तरच ती बोलते. दुसरी, कुठे तपासायचे हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. नांदगाव-घोसरीच्या बांधीत आज धान लागते. दर वर्षी चिखलणी होते, आता ट्रॅक्टरने होते. माती वरखाली होत राहते. तरी शिसे त्या मातीतून फार लांब जात नाही. शोध घ्यायचा ठरवले तर उशीर झालेला नाही.

काही खुणा जमिनीत नाहीत, कागदात आहेत. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. हा हल्ला तारेवर झाला यात मोठा अर्थ आहे. त्या काळी सत्तेचे कान म्हणजे तार, आणि रानातल्या माणसाला ते पुरते कळले होते. पुढे बाबूरावांना पकडण्यासाठी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आले. सप्टेंबरमध्ये बाबूराव सरकारच्या हाती लागले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी दिले गेले. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये तेही पकडले गेले. अडपल्ली आणि घोटच्या जमीनदाऱ्या जप्त होऊन लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाल्या. म्हणजे त्या तीन महिन्यांच्या लढाईने डझनावारी गावांचा मालक बदलला. कोणत्या गावाने कुणाला सारा द्यायचा, कुणी कुणाच्या रानातले लाकूड तोडायचे, मोह कुणी वेचायचा, याची उत्तरे बदलली. मेजर ल्यूसी स्मिथने १८६९ मध्ये तयार केलेला चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल या दृष्टीने वाचावा. तो महसुलाचा कागद आहे, पण त्याच्या आकड्यांखाली एका युद्धाचा निकाल लिहिलेला आहे. बुरूज पडला की दिसतो. गावांची मालकी फिरली की ती चौथ्या पिढीला मुळातलीच वाटू लागते.

आणि एक खूण झाड आहे. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात पिंपळ आहे. बाबूरावांना तिथेच फाशी दिले अशी परंपरा आहे. दर २१ ऑक्टोबरला लोक तिथे अभिवादनासाठी जमतात. २००९ मध्ये टपाल खात्याने बाबूरावांचे तिकीट काढले, पण तिकिटापेक्षा त्या पिंपळानेच ही आठवण अधिक सांभाळली आहे. मराठी वाचकाला इथे पानिपत आठवेल. पानिपतावरची जागा पिढ्यानपिढ्या ओळखली गेली ती काळा आंब या नावाने, एका आंब्याच्या झाडाने. ते झाड गेले आणि त्याच्या जागी विटांचा स्तंभ आला. स्तंभ आल्याने ती जागा पक्की झाली हे खरे, पण झाड होते तोवर ती लोकांची होती, स्तंभानंतर ती सरकारी झाली हेही तितकेच खरे. झाड वाळते, पुन्हा फुटते, त्याला धागा बांधता येतो, त्याच्या सावलीत बसून गोष्ट सांगता येते. कारागृहाचा पिंपळ जिवंत असेतोवर त्याची निगा, त्याचे वय, त्याची रोपे यांचा विचार व्हायला हवा. हा सल्ला वनस्पतिशास्त्राचा वाटेल, पण आहे इतिहासाचा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की इथे झाल्या त्या चकमकी. असई, खर्डा, पानिपत यांच्या पंक्तीत त्यांना बसवणे हा प्रादेशिक अभिमानाचा अतिरेक आहे. माणसांच्या संख्येने मोजायचे तर आक्षेप बरोबर आहे. पण लढाईची मोजणी तिच्या परिणामावर व्हायला हवी. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव आणि २० फेब्रुवारीची आष्टी सर्वांना माहीत असते. आष्टीनंतर दुसरा बाजीराव धावत होता तो विदर्भाकडे, आणि चांद्याचा कोट हे त्याच्या आशेचे एक ठिकाण होते. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी येथे अॅडम्सने त्याची वाट मोडली, २० मे रोजी चांदा पडले आणि ३ जून रोजी बाजीराव शरण गेला. चांद्याचा वेढा वगळून पेशवाईचा शेवट सांगणे म्हणजे शेवटचे पान फाडून पोथी वाचणे. १८५८ चेही तसेच. उत्तरेतल्या उठावाची ती दूरची लाट आहे असे मानले तर ती लहान दिसते. जंगल आणि जमीन यांवर कुणाची सत्ता, या प्रश्नाची ती पहिली सशस्त्र मांडणी आहे असे मानले तर तिचा धागा आजच्या ग्रामसभांपर्यंत येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकस्मृती म्हणजे पुरावा नव्हे. लोक नायकाला मोठे करतात, तारखा विसरतात, एका राजाची गोष्ट दुसऱ्याला चिकटवतात. कोरची तालुक्यातल्या टिपागडाचे उदाहरण घ्या. डोंगरावर तळे आहे, तटाचे अवशेष आहेत, पुरम राजाची आणि छत्तीसगडातून चालून आलेल्या फौजेची गोष्ट आहे, त्या तळ्यात राणीने जीव दिल्याची कथा आहे. या लढाईला साल देता येत नाही. मग तिचे करायचे काय? मला वाटते, साक्षीला जे ठाऊक असते तेच तिला विचारावे. लोकस्मृतीला साल विचारू नये; तिला जागा विचारावी. शत्रू कोणत्या घाटाने आला, पाणी कुठे होते, पळालेले कुठे गेले, या गोष्टी ती चोख सांगते, कारण सांगणारा रोज त्याच घाटाने गुरे नेतो. सरकारी कागदाचे याच्या अगदी उलट. त्यात तारीख आणि वार बिनचूक असतो, पण गावाचे नाव ऐकीव, अंतर अंदाजी, आणि लढणाऱ्याला दरोडेखोर म्हणण्याची सवय. दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत आणि दोन्हींचा अपुरेपणा वेगवेगळ्या जागी आहे. म्हणूनच त्या एकमेकींना तपासू शकतात. टिपागडाची गोष्ट इतिहास म्हणून छापू नये, पण ती लिहून न घेता वाऱ्यावर सोडणे हेही इतिहासकाराचे काम नव्हे.

तिसरा आक्षेप वेदनेचा आहे, म्हणून त्याला सांभाळून उत्तर द्यायला हवे. या मुलखातले अलीकडचे युद्ध, माओवादी आणि पोलीस यांच्यातले, चार दशकांहून जुने आहे. १ फेब्रुवारी २००९ रोजी मरकेगावला १५ आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. २२ एप्रिल २०१८ ला इंद्रावतीकाठी कसनसूर-बोरियाच्या रानात, आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या रानात मोठ्या संख्येने माओवादी मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेले. या सगळ्या काळात शेकडो गावकरी मारले गेले, त्यांतले अनेक केवळ खबऱ्या असल्याच्या संशयावरून. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. अशा ताज्या जखमेवर रणांगण म्हणून बोट ठेवायचे का? कुणाचे उदात्तीकरण होणार नाही का? माझे उत्तर असे की नोंद आणि गौरव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसांची हुतात्मा स्मारके उभी आहेत. माओवाद्यांनी रानात बांधलेली स्मारके पाडली गेली. दोन्हींमध्ये ज्याला जागा मिळाली नाही तो आहे रात्री घरातून उचलून नेलेला गावकरी. त्याच्या मरणाची जागा फक्त त्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक आहे. अर्थ लावायला पुढच्या पिढीने वेळ घ्यावा, पण नाव, जागा आणि दिवस आताच लिहिले गेले पाहिजेत. १८५८ मध्ये नेमके हेच कुणी केले नाही. बाबूरावांचे नाव उरले; नांदगाव-घोसरीला त्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे उरली नाहीत.

चौथा आक्षेप विकासाचा. गरीब जिल्ह्यात रस्ता, खाण, पूल यांच्या आड जुन्या लढायांच्या आठवणी आणू नयेत, असे म्हटले जाते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. भामरागड-एटापल्लीत पावसाळ्यात दवाखान्यापर्यंत पोचता न आल्याने जे घडते ते कोणत्याही तटबंदीपेक्षा मोठे आहे. पण खुणा वाचवण्यासाठी पूल थांबवा अशी मागणी इथे नाहीच. मागणी इतकीच की यंत्र लागण्याआधी जागेचे नाव, गोष्ट आणि मोजमाप लिहून घ्या. सुरजागडाचा डोंगर आज सगळ्या देशाला लोहखनिजामुळे माहीत आहे. भोवतालच्या गावांना तो ठाकूरदेवाचा डोंगर म्हणून माहीत आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. माणिकगड हे नाव किल्ल्याचे की सिमेंटचे, असा प्रश्न गडचांदूरच्या बाजूला परक्याला पडू शकतो. लालपेठेची जमीन किती खोल गेली ते वर आलेच आहे. डोंगर एकदा उतरवला की त्याच्यावर कोण कुठून चढले होते या प्रश्नाला अर्थ उरत नाही. तेवढे लिहून घ्यायला काही दिवस लागतात. खाणीच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात ते काही दिवस जड होऊ नयेत.

मग लिहायचे कुणी आणि कोणत्या अधिकाराने? १९५८ चा पुरातत्त्व कायदा किमान १०० वर्षे जुन्या वास्तू, लेणी, शिलालेख, एकाश्म आणि अवशेष असलेल्या स्थळांना संरक्षण देतो. वैरागडचा किल्ला आणि चांद्याचा कोट त्यामुळे वाचले. गडीसुर्ल्याचा उतार या व्याख्येत सहज बसत नाही, कारण तिथे दाखवता येईल असा अवशेषच नाही. पण या जिल्ह्यांत दुसरे दोन कायदे आहेत आणि ते लोकांच्या हाती आहेत. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम ठरवतो. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाचे रक्षण करण्याचा अधिकार देते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून हा कायदा कागदावरून जमिनीवर आणला. या जिल्ह्यांतल्या गावांनी जैवविविधतेच्या नोंदवह्या लिहिल्या आहेत. कोणते झाड कुठे, कोणता कंद कधी, हे गायत्याला, म्हणजे गावाच्या पारंपरिक प्रमुखाला, आणि म्हाताऱ्या बायांना विचारून नोंदवले आहे. त्याच वहीत चार रकाने वाढवायचे आहेत: जागा, तिथे काय घडले असे गाव सांगते, ती जागा कशाने ओळखतात, आणि आज तिथे काय आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत सुरू झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या नोंदी जमाबंदीच्या आणि लष्करी कागदांशी ताडून पाहाव्यात. गोंडी आणि माडियात सांगितलेले गोंडी-माडियातच लिहावे, मराठी अर्थ शेजारी द्यावा. जागांची नावे भाषांतरात आधी मरतात.

हा विषय हाती घेणाऱ्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की इथल्या रणांगणांची यादी अपुरी आहे आणि ती अपुरी राहण्याचे कारण पुराव्याचा अभाव हे नाही. पुरावा आहे तो आपण विचारला नाही अशा माणसांजवळ आहे. टेकडीवरून दगड लोटणाऱ्यांच्या हत्यारांचा एकही नमुना संग्रहालयात येणार नाही. त्यांची लढाई जिवंत राहील ती फक्त कुणीतरी उताराकडे बोट करून सांगितले आणि दुसऱ्याने ते लिहून घेतले तरच. तुमचे गाव या दोन जिल्ह्यांत असेल तर पाने गळलेल्या दिवसांत, मोहफुले वेचून झाल्यावर, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन शिवारातून एक फेरी मारा. प्रत्येक नाल्याचे, टेकडीचे आणि एकट्या उभ्या झाडाचे नाव विचारा, आणि ते नाव का पडले तेही विचारा. सांगितलेले ग्रामसभेत वाचून दाखवा आणि वहीत उतरवा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. कायद्याने तो अधिकार तुमच्या ग्रामसभेला आधीच दिलेला आहे.